दादा, ते पित्त नव्हतं

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
रविवार, दुपार

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा कशाला लिहिलं असतं, फोन होता ना! आता तो लागत नाही म्हणून लिहितेय. उद्या सकाळी माझी अँजिओग्राफी आहे. उजाडायच्या आत हॉस्पिटलमध्ये पोचायचंय. आणि दादा, मी भयंकर घाबरलेय रे.

श्रीला हे सांगता येत नाही. तो "अगं रूटीन असतं, इथे रोज ढिगानं करतात" असं म्हणतो आणि मग गॅरेजमध्ये जाऊन उगाचच झाडझूड करत बसतो. त्याच्या झाडण्यावरूनच कळतं मला तो किती घाबरलाय ते. ईशाला सांगावं तर ती सोळा वर्षांची पोर. आईला सांगितलं, आज सकाळीच, आणि त्या फोनवर जे बाहेर आलं त्यानं तर भीती जास्तच वाढलीय. ते सांगते नंतर. आधी डेल्फ्टचं सांगू दे, कारण हे सगळं तुझ्याच गावात सुरू झालं.

आले होते रे मी! शेवटी आले. किती वर्षं मागे लागला होतास तू. "पमे, एकदा ये. होडीतून कालवे दाखवतो, वाकडा मनोरा दाखवतो, बाजारात फुकटचं चीज खायला घालतो." दर वेळी मी म्हणायचे, ग्रीन कार्ड होऊ दे, मग येते. तू गेलास तेव्हाही कागद अडकलेलेच होते. बाहेर पडले असते तर परत आत घेतील की नाही, हे वकिलालाही छातीठोक सांगता येत नव्हतं. तुझं शेवटचं मी किचनमध्ये उभी राहून लॅपटॉपवर बघितलं. मध्येच आवाज गेला. वहिनीचे ओठ हलत होते, गुरुजींचे हलत होते, आणि मी इकडे वेड्यासारखी "अरे म्यूट काढा कुणीतरी" म्हणून ओरडत होते. कोण ऐकणार!

यंदा कार्ड आलं. एप्रिलमध्ये तुझं वर्षश्राद्ध होतं, म्हणून मी आणि ईशा निघालो. श्रीला रजा मिळाली नाही.

तुझं श्राद्ध जुईनं केलं. तुझी लेक एकोणीस वर्षांची, पण काय शांतपणे बसली होती! गुरुजी नाशिकहून स्क्रीनवर होते, "दर्भ नसला तरी चालेल, भाव असू द्या" म्हणत होते. मग आम्ही पान घेऊन घरामागच्या कालव्याकाठी गेलो. कावळे तुझ्याकडे काय कमी आहेत? झाडावर रांगेनं बसले होते, पण एकही मेला खाली येईना. वहिनीचा चेहरा पडला. तेवढ्यात पाण्यातून एक बदक डुलत डुलत वर आलं आणि त्यानं सरळ वड्यावर चोच मारली! वहिनी रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "अहो वन्सं, हे अस्सेच होते. सगळे ज्या वाटेनं जातील ती सोडून."

दुसऱ्या दिवशी जुई आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेली. "आत्या, बाबानं क्रम ठरवून ठेवला होता. आधी कालवे, मग निळ्या भांड्यांचं दुकान, मग चौक, मग मनोरा, आणि शेवटी होडी. तू आलीस की असंच दाखवायचं, म्हणायचा." तू नसताना तुझाच क्रम पाळत हिंडायचं! तू पुढे चाललायस आणि आम्ही मागून येतोय असं सारखं वाटत होतं.

गाव देखणं आहे रे तुझं. चित्रात काढल्यासारखी ती उंच चिंचोळी घरं, पाण्यावर टेकलेले छोटे पूल, खिडकीखिडकीत फुलं. पण मला तू एक सांगितलं नव्हतंस. त्या कालव्यांना कठडेच नाहीत! रस्ता संपतो आणि पाणी सुरू होतं. माणसं काठाला चाकं लावून गाड्या उभ्या करतात. पोरंटोरं सायकलवरून त्या कडेनं भन्नाट जातात. मी ईशाचं दप्तर मागून पकडून चालत होते. "Mom, I can swim," ती करवादली. जुई हसत म्हणाली, "आत्या, इथे लहानपणी आम्हाला कपड्यांसकट पोहायला शिकवतात. पडलो तरी बाहेर येता यावं म्हणून." मला ते पटलं. पडू नये म्हणून कठडा बांधायचा हा आपला विचार, पडलास तर बाहेर कसा येशील हा त्यांचा. पण भीती काही कमी झाली नाही माझी.

आता डबीचं सांगते.

निघायच्या आधी वहिनीनं माझ्या हातात तुझी स्टीलची डबी ठेवली होती. आवळासुपारीची. झाकणाला पोचा आलेली, तीच. "ह्यांच्या कोटाच्या खिशातच ठेवून दिली होती मी. आता तुम्हीच ठेवा, तुम्हालाही पित्ताचा त्रास ना," म्हणाली. मी डबी कपाळाला लावली आणि पर्समध्ये टाकली. आईची आवळासुपारी! दर थंडीत आवळे किसणार, आलं-मीठ लावून गच्चीत वाळवणार, आणि जो कुणी परदेशी निघेल त्याच्या बॅगेत आपल्या दोघांसाठी पुड्या कोंबणार. आपल्या घराण्याची खूणच ती. गोखल्यांचं डोकं, जोश्यांचा राग आणि आपलं पित्त, असं अण्णा म्हणायचे ना? छातीत जळजळलं, पित्त. मळमळलं, पित्त. जिना चढून दम लागला तरी पित्तच. तोंडात चिमूटभर टाकायची आणि डाव्या कुशीवर पडायचं.

तुझ्या त्या शेवटच्या संध्याकाळीही तू हेच केलंस. वहिनीनं फोनवर सांगितलं होतं तेव्हा. "जेवण नको गं, पित्त झालंय," म्हणालास आणि सोफ्यावर आडवा झालास. वहिनी आत भाजी परतत होती. दाद्या, अरे तू इंजिनिअर ना? यंत्रात जरा खडखड झाली तर सगळं उघडून बघणारा तू! स्वतःच्या छातीत एवढी कळ येत होती ती तुला पित्ताची वाटली? मी वर्षभर तुझ्यावर चिडलेय यासाठी. आणि मग तुझ्या गावात, तुझ्या त्या मनोऱ्यात, मी काय केलं ऐक.

चौकातल्या मोठ्या चर्चचा मनोरा. वहिनीचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली कॉफी घेत बसली. आम्ही तिघी वर निघालो, जुई पुढे, मध्ये मी, मागे ईशा. जिना कसला, दगडाची गरगर फिरणारी नळीच. एका माणसापुरती जागा, भिंतीला धरायला एक जाडजूड दोर, आणि वरून माणसं उतरली की अंग चोरून भिंतीला चिकटायचं. अर्ध्यात पोचले आणि मला धाप लागली. म्हटलं, वय झालं. चार पायऱ्या गेले आणि छाती आवळल्यासारखी झाली. म्हटलं, सकाळचं थालीपीठ. मग जबडा दुखायला लागला. जबडा, दादा! आणि कपाळावर घाम, त्या गार दगडांत.

मी थांबले. मागे माणसांची रांग. खाली वाकून बघावं तर ईशाचं डोकं आणि त्याखाली नुसता अंधार. वर जाववत नव्हतं आणि खाली यायला वाट नव्हती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्या क्षणी माझ्या हातानं काय केलं असेल? पर्स उघडली, डबी काढली, आणि आवळासुपारीची चिमूट तोंडात टाकली.

झाकणाचा टक्कन आवाज झाला म्हणून जुई वळली. तिनं डबी बघितली. दादा, त्या पोरीचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. पांढरीफटक पडली.

"आत्या, थुंक ते."

"अगं पित्त आहे, जाईल आत्ता."

"थुंक म्हणते ना! बाबापण हेच म्हणाला होता. डबी मीच आणून दिली त्याला. मीच दिली होती, आत्या!"

ती दोन पायऱ्या खाली आली, माझ्या तोंडासमोर ओंजळ धरली आणि मी त्या ओंजळीत थुंकले. काय सांगू तुला! मग एका हातानं माझं मनगट घट्ट धरून दुसऱ्या हातानं तिनं फोन लावला. डचमध्ये भराभर बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त "हार्ट" कळलं. आपल्या घरात जित्या माणसाबद्दल हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला बघ. मी मटकन खाली बसले.

आणि तरी मी काय म्हणत होते? "जुई, नको गं, लोक खोळंबलेत." जीव जायची वेळ आणि मला मागच्या रांगेची लाज! ईशा रडत "Mom, stop talking, please stop talking" म्हणत होती. तिच्यामागचा एक दांडगा डच माणूस तिला बाजूला सरकवून वर आला आणि माझ्या खालच्या पायरीवर पाठ करून बसला, म्हणजे मी घसरले तर त्याच्यावर पडेन. बाकीच्यांना त्यानं हाका मारून खाली पाठवलं. सगळे निमूट उतरले. कुणी कुरकुरलं नाही.

त्या पायरीवर बसून मी किती घाबरले ते सांगितलं तर तुलाच कळेल, दुसऱ्या कुणाला नाही. भिंतीत एक फट होती, तिच्यातून खालचा कालवा दिसत होता आणि त्यावर एक होडी चालली होती, तुझ्या क्रमातली शेवटची होडी. वाटलं, संपलं. आता ते होडीतलं फिरणं राहणारच. ईशाला नीट पोळी लाटता येत नाही. श्रीला बँकेचे पासवर्ड माहीत नाहीत. आणि आई? नवरा गेला, मुलगा गेला, आता हे तिला कोण सांगणार? मी अथर्वशीर्ष म्हणायला गेले तर पहिली ओळ सोडून काहीच आठवेना. तूच पाठ करून घेतलं होतंस ना माझ्याकडून, दर चुकीला टपली मारून?

माणसं आली. दोघं जण, तो जिना चढून सामानासकट. जिभेखाली कसलासा फवारा मारला आणि दोन-चार मिनिटांत छातीवरचा हात उचलल्यासारखा झाला. मला खुर्चीला बांधून त्या नळीतून खाली आणलं. वहिनी चौकात उभी होती. खुर्ची दिसल्यावर ती तिथेच खाली बसली. एका वर्षात दुसऱ्यांदा, दादा. तिला काय वाटलं असेल!

तुझ्या तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अ‍ॅटॅक आला नाही, पण ही सूचना आहे. दोन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या दिल्या, घरी गेल्या गेल्या पुढच्या तपासण्या करा म्हणाले. आणि मी शहाणी वहिनीला काय म्हणाले माहितेय? "श्रीला सांगू नका हं, उगाच टेन्शन घेईल." ईशा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "I already told Dad. What is wrong with you people?" म्हणाली. एरवी असं बोलली असती तर ओरडले असते. तेव्हा मनात म्हटलं, खरंच, काय चुकलंय आपल्या लोकांचं?

परतीचं विमान म्हणजे शिक्षा होती. खाली समुद्र, वर आभाळ, आणि मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत बसलेली मी. ईशानं शेवटी ते घड्याळ काढून घेतलं आणि स्वतःच्या हातात घातलं. घरी आल्यावरही तेच. जिन्याखाली उभी राहते आणि वर जावं की नाही, विचार करते. मंडळाच्या ग्रुपवर कुणाला कळवलं नाही, पण कसं कोण जाणे, शेजारच्या नीलिमाकाकू मुगाची खिचडी घेऊन आल्या. त्याही हळूच म्हणाल्या, "पित्त असेल गं, ह्यांनापण होतं." मी ताडकन उठले. "काकू, काकांना उद्याच्या उद्या डॉक्टरकडे न्या!" बिचाऱ्या पातेलं तिथेच ठेवून गेल्या.

इथे आधी चालायच्या पट्ट्यावरची तपासणी झाली. ती बिघडलेली आली. मग डॉक्टर बाईंनी समोर बसवून विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? मी सांगितलं, भाऊ गेला, गेल्या वर्षी. वडील? "ते झोपेत गेले." त्या म्हणाल्या, हो, पण कशानं? आणि दादा, मला उत्तरच देता येईना! इतकी वर्षं झाली अण्णांना जाऊन. "पुण्यवान माणूस, झोपेत गेला" असं सगळे म्हणाले आणि आपणही तेच धरून बसलो. झोपेनं कुणी मरत नाही, हे तुझ्या-माझ्या डोक्यात कसं आलं नाही रे? वर मी त्या बाईंना म्हटलं, आमच्या घरात तशी अ‍ॅसिडिटी आहे. त्यांनी ते काही लिहून घेतलं नाही. म्हणाल्या, आईला विचारा.

म्हणून आज सकाळी नाशिकला फोन केला. तिकडे संध्याकाळ. आधी तिला उद्याचं सांगितलं, पहिल्यांदाच सरळ सांगितलं, काही न लपवता. ती "अगंबाई" म्हणाली. मग मी विचारलं.

"आई, अण्णांना नेमकं काय झालं होतं?"

"झोपेत गेले गं ते. तुला माहीत नाही का?"

"कशानं गेले, आई? इथले डॉक्टर विचारतायत."

"थांब, टीव्ही बंद करते."

टीव्ही बंद करायला तिला किती वेळ लागला, दादा! मला वाटलं फोन कट झाला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हार्टचंच होतं त्यांना. दोन-तीन वर्षं आधीपासून. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं."

"मग केलं का नाही?"

"तेव्हा तुझं बघत होतो ना आम्ही. ती धुळ्याची मंडळी येऊन गेली होती. तुझ्या अण्णांनी मला शपथ घातली. म्हणाले, घराण्यात हार्टचं दुखणं आहे असं बाहेर गेलं तर पोरीला कोण करून घेईल? ऑपरेशन तुझं झाल्यावर करू. तोवर कुणी विचारलं तर पित्त सांगायचं."

"आणि दादाला? त्याला तरी सांगायचं!"

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुला सांगितलं असतं. आणि तुझ्या पोटात काही राहत नाही, पमे."

ऐकलंस? माझ्या लग्नासाठी, दादा! अण्णा गेले ते माझ्या लग्नाआधीच, ऑपरेशनवाचून. आणि गंमत बघ, नंतर श्रीचं स्थळ आलं तर त्याच्या घरच्यांनी दुखण्याबिखण्याचं काही विचारलंच नाही. मुलीला पुरणपोळी येते का, एवढं विचारलं. आणि तेव्हा मला पुरणपोळी येत नव्हती, त्यावरही आई खोटंच बोलली होती.

मी तिला विचारलं, माझं लग्न झालं, मग का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आधी वाटलं, आता कशाला. मग सवयच झाली गं. शेवटी शेवटी मलाही ते पित्तच होतं असं वाटायला लागलं. दर वर्षी आवळे किसायचे, तुम्हाला पाठवायचे. मला वाटायचं, मी काहीतरी करतेय."

आणि मी काय केलं? ओरडले. "दादा गेला ना त्यात!" असं ओरडले आणि फोन आपटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एकटी, टीव्ही बंद करून बसलेली. ती बोलत होती तेव्हा मला कळत होतं की वर्षभर तिच्याही मनात तेच चाललेलं असणार, दुसरं काही नाही. तरी आपटला.

आता मला उद्याचीच नाही, आजचीसुद्धा भीती वाटतेय. उद्या मनगटातून नळी घालून ती पार काळजापर्यंत नेणार आहेत, आणि मी जागी असणार आहे. त्या नळीत काय दिसेल? ब्लॉकेज एक असेल की तीन? लगेच स्प्रिंग बसवतील की छाती उघडायची म्हणतील? आणि टेबलावरच काही झालं तर? तर आईनं माझा शेवटचा आवाज ऐकला तो हा. जन्मभर तिच्या कानात तो राहील. खरं सांगू, नळीपेक्षा याचीच धडकी जास्त भरलीय मला.

तुझ्यावर चिडले होते ना वर्षभर? नाही रे आता. तू कसा ओळखणार होतास! तुला घरात जे शिकवलं तेच तू म्हणालास. मीही तेच म्हणाले, तुझं सगळं माहीत असूनसुद्धा, तुझीच डबी हातात घेऊन. फरक एवढाच की माझ्या वेळी जुई दोन पायऱ्यांवर होती. ती तुझ्या वेळी शिकली आणि माझ्या वेळी उपयोगी पडली. हे असं नको होतं, दादा. उलटं झालं असतं तर मला चाललं असतं. नाही, खोटं कशाला बोलू, चाललं नसतं. मला जगायचंय. फार जगायचंय मला.

पण त्या पोरीचं काय करू सांग! "डबी मीच आणून दिली" हे ओझं घेऊन ती वर्षभर कॉलेजला जातेय, आईला धीर देतेय आणि कुणाला म्हणून बोलली नाहीये. अगदी आपल्या घरची शोभते! तिला खरं सांगायचं म्हटलं तर आजीचं सांगावं लागतं. न सांगावं तर ती स्वतःला खात बसणार. सकाळपासून हाच विचार करतेय मी.

आणि ठरवलंय. ऐक, आणि मी मागे हटले तर स्वप्नात येऊन टपली मार.

आज संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे तिकडे आई उठून चहा ठेवते तेव्हा, मी तिला फोन करणार आहे. रागावणार नाही. आवळे आता फक्त चवीसाठी किसत जा, एवढं सांगेन, आणि तिला स्वतःला चालताना छातीत कधी दुखतं का तेही विचारीन. तिनं "पित्त" म्हटलं तर त्याच पावली शेजारच्यांकरवी तिला डॉक्टरकडे धाडीन. जुईला सगळं सांगीन, आजीसकट. सांगेन की बाळा, तू दिलीस ती नुसती डबी, तिच्यातलं खोटं तुझ्या जन्माच्याही आधीचं होतं. आजीवर चिडायचं असेल तर चीड, पण मग तिला फोनही कर. दोघी पोरींच्या तपासण्या करून घेईन. आणि उद्या त्यांच्या लग्नाचं निघालं, मुलगा गोरा असो की काळा, डच असो की धुळ्याचा, तर बैठकीत चहा यायच्या आधी मीच सांगेन, आमच्या घराण्यात हार्ट आहे. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.

आणि होडीतून फिरायचं राहिलंय. ते मी सोडलेलं नाही. तुझा क्रम पुरा करायला पुढच्या वर्षी येणार. या वेळी श्रीलाही आणीन, आणि मनोऱ्यात मात्र त्यालाच पाठवीन.

डबी इथे माझ्यासमोरच आहे. ईशानं ती सकाळी घासून पुसून ठेवली. आवळासुपारी काढून टाकली आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची छोटी बाटली तिच्यात बरोब्बर बसवली. वर पट्टी चिकटवून मराठीत लिहिलंय, तिच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात: "हार्ट. पित्त नाही." उद्या मला नेतील तेव्हा ही तिच्या हातात असेल.

घाबरलेय अजूनही. पण आता सांगून घाबरलेय.

तुझी,
पमी